ठिगळ आणि रफू

आपल्या धंद्यात ‘पॅच’ हा शब्द चहाइतकाच सर्रास चालतो. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी पॅच टाकतो आणि शनिवारभर बाकीचे निस्तरत बसतात. पण हा शब्द मुळात खराखुरा होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९४४ साली सुरू झालेल्या हार्वर्ड मार्क १ या संगणकाचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. चूक सापडली की अख्खी पट्टी परत कोण पाडणार? मग नको असलेल्या भोकांवर कागदाचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर तेवढा भाग कापून तिथे नवा जोडायचा. म्हणजे सरळसरळ ठिगळ!

आजचा विषय मात्र कागदाच्या नाही, पत्र्याच्या ठिगळाचा आहे. जुन्या गाडीचा दरवाजा खालून गंजून गेलाय, चाकावरची कमान कुरतडल्यासारखी झालीये, आणि तो भाग आता जगात कुठेच विकत मिळत नाही. अशा वेळी एक माणूस सपाट पत्रा घेतो, हातोडीनं ठोकून त्याला बरोब्बर तोच आकार देतो आणि गाडीत असा बसवतो की जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये. मराठीत याला ठिगळ म्हणणं थोडं अन्यायाचंच. ठिगळ दिसतं. हे रफू आहे.

आता हा प्रकार आला कुठून, ते बघू.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोड्याशिवायच्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांची बॉडी बनवणारेही बग्गीवालेच होते. खाली लाकडी सांगाडा (इंग्लंडमध्ये बहुधा ॲश नावाच्या चिवट लाकडाचा) आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. कित्येक वर्षं रोल्स-रॉइस कंपनी तुम्हाला पूर्ण गाडी विकतच नसे! ती विकायची चॅसिस, इंजिन आणि पुढची जाळी. मग ती चॅसिस हूपर, बार्कर, मलिनर अशा एखाद्या कारखान्याकडे जायची आणि तिथे गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे बॉडी चढायची. आपल्याकडच्या महाराजांच्या ज्या गाड्या प्रदर्शनांत आपण तोंड वासून बघतो, त्यांतल्या बऱ्याच अशाच. त्यामुळे दोन गाड्यांची चॅसिस एकसारखी असली तरी मडगार्ड एकसारखे असतीलच असं नाही. हाताचं काम म्हटलं की डावं-उजवंही मिलिमीटरभर वेगळं निघतं.

या सगळ्याला धक्का दिला फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडनं. १९१२ साली त्यानं स्वतःची कंपनी काढली. जोसेफ लेडविंका या त्याच्या इंजिनियरनं पूर्ण स्टीलच्या बॉडीचं तंत्र बसवलं: मोठमोठ्या प्रेसमध्ये साच्यांवर पत्रा दाबायचा आणि ते भाग विजेच्या वेल्डिंगनं जोडायचे. लाकूड बाद. डॉज बंधूंनी त्याला मोठी ऑर्डर दिली. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये सित्रोएननं त्याचं लायसन्स घेतलं, १९२६ साली इंग्लंडमध्ये काउली इथे प्रेस्ड स्टील कंपनी उभी राहिली. आपल्याकडे १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर बेंटलीसारख्या खानदानी कंपनीनंही १९४६ साली मार्क ६ ही गाडी कारखान्यातच दाबलेल्या स्टीलच्या बॉडीसकट विकायला काढली.

प्रेसचं अर्थशास्त्र आपल्याला नवीन नाही. साचा बनवायला अफाट खर्च, पण एकदा बनला की पुढची प्रत जवळजवळ फुकट. सॉफ्टवेअरसारखंच! फरक एवढाच की आपला सोर्स कोड पेन ड्राइव्हमध्ये मावतो आणि यांचा साचा कित्येक टनांचा असतो. मॉडेल बंद झालं की तो ठेवायचा कुठे? बहुतेक साचे भंगारात जातात. एखादा सुदैवी अपवाद असतो. ब्रिटिश मोटर हेरिटेजनं एमजीबी या स्पोर्ट्स कारचे मूळ साचे शोधून काढले आणि १९८८ साली त्या गाडीची कोरी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. पण मूळ गाडीचं उत्पादन १९८०लाच थांबलं होतं, म्हणजे मधे आठच वर्षं गेली होती. शिवाय गाडी लाखांच्या संख्येनं खपलेली. ज्या मॉडेलच्या जगात चाळीस गाड्या उरल्यात, तिच्यासाठी एवढा उपद्व्याप कोण करणार?

तर साचा गेला, प्रेस गेला, उरतो तो हात.

आता जरा गणित. (पळू नका, मोदकापर्यंतच जायचंय.) १८२७ साली गाउसनं एक प्रमेय मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर, सपाट पृष्ठभाग कुठेही न ताणता, न आवळता एकाच दिशेनं वाकवता येतो. कागदाची सुरळी होते, शंकू होतो. पण त्याच कागदाचा वाटीसारखा किंवा घोड्याच्या खोगिरासारखा आकार करायचा म्हटलं की कागद फाटणार, नाहीतर चुरगळणार. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबली की फाटते, तेही याचमुळे. पृथ्वीचा एकही सपाट नकाशा पूर्ण बरोबर नसतो, तेही याचमुळे.

गाडीचं मडगार्ड म्हणजे असाच दोन्ही दिशांना वळलेला आकार. म्हणजे पत्रा नुसता वाकवून भागत नाही. कुठेतरी तो ताणायला लागतो आणि कुठेतरी आवळायला लागतो. डेंटरनं गाउसचं नाव ऐकलेलं नसेल, पण तो दिवसभर त्याच प्रमेयाशी झटत असतो.

ताणणं तुलनेनं सोपं. पोळी लाटताना कणकेचा गोळा मधे दाबला की तो पातळ होतो आणि पसरतो, तसाच पत्रा. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं मधे ठोकला की तो खोलगट होतो. ताणलेली लांबी किती असते? ३०० मिलिमीटर व्यासाच्या सपाट चकतीचा मधला भाग २० मिलिमीटर उचलायचा असेल, तर मधून जाणारी रेघ ३०० ची साधारण ३०३.५ व्हायला लागते. फक्त साडेतीन मिलिमीटर! पण ते साडेतीन मिलिमीटर नेमके कुठे आणि किती वाटून द्यायचे, यातच सगळी कारागिरी आहे.

आवळणं त्याहून कठीण. त्यासाठी उकडीचा मोदक डोळ्यांसमोर आणा. सपाट पारीची वाटी करताना कडेचा घेर जास्त होतो, म्हणून आपण त्याच्या कळ्या पाडतो. पत्र्याचा कारागीर अगदी हेच करतो. कडेला चिमट्यानं चुणी पाडतो आणि मग ती चुणी उलगडू न देता हातोडीनं तिथल्या तिथे चेपतो. जादा लांबी पत्र्यातच जिरते, कड आखूड होते आणि किंचित जाड होते. मोदकाच्या कळ्या शेवटी दिसाव्या लागतात, मडगार्डाच्या दिसता कामा नयेत, एवढाच फरक.

मग ठोकाठोकीचे वळ घालवायला येतं एक साधं यंत्र, इंग्लिश व्हील. कमानीसारख्या लोखंडी चौकटीत वर एक मोठं सपाट चाक आणि खाली एक छोटं, किंचित फुगीर चाक. दोघांच्या मधून पत्रा पुढे-मागे सरकवायचा. प्रत्येक फेरीला पत्रा केसभर ताणला जातो आणि गुळगुळीत होतो. ना मोटर, ना मीटर. किती दाब द्यायचा, किती फेऱ्या मारायच्या, हे तळहातालाच कळतं. अनुभवी लोक पत्रा तपासताना डोळे बंद करून हात फिरवतात म्हणे. त्यात नाटक काही नाही. पत्र्यातला बारीक उंचसखलपणा डोळ्यांआधी हाताला लागतो.

आणि धातू कडक होण्याचा प्रकार आहेच. ठोकत गेलं की पत्रा हळूहळू ताठर होतो आणि शेवटी तडकतो. त्याआधी तो तापवून पुन्हा मऊ करायला लागतो. हे बघायला इटलीला जायची गरज नाही, पुण्यात कसब्यातली तांबट आळी पुरे. तांब्याचं भांडं भट्टीत लाल करून मऊ करायचं, आकार द्यायचा आणि शेवटी हातोडीचे एकसारखे ठोके देत मठारायचं. मठारकामाच्या त्या चमकत्या टिकल्या नुसत्या शोभेच्या नाहीत. त्या ठोक्यांनी भांडं कडक आणि मजबूत होतं. तांबट ते ठोके मिरवतो, गाडीवाला पुसून टाकतो. धातूचं शास्त्र दोघांचं एकच.

तुकडा तयार झाला म्हणजे अर्धंच काम झालं. आता तो जोडायचा. गंजाचा स्वभाव असा की तो आतून बाहेर येतो. चिखल आणि पाणी साठतं ते दाराच्या तळाशी, उंबऱ्यात, चाकाच्या कमानीच्या आतल्या दुमडीत. बाहेर रंगाला नखाएवढा फोड दिसेपर्यंत आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. म्हणून आधी निगरगट्टपणे कापत जायचं, जिथे चमकदार निरोगी पत्रा लागेल तिथपर्यंत.

मग दोन मार्ग. एक, नवा तुकडा जुन्यावर थोडा चढवून जोडायचा. सोपं, झटपट, पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं आणि काही पावसाळ्यांत तिथेच पुन्हा गंज. दुसरा मार्ग, कडेला कड भिडवायची आणि वेल्डिंग करायचं. इथे खरी परीक्षा. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि स्टील वितळतं १५०० अंशांच्या आसपास. वेल्डिंगची रेघ तापली की तिला पसरायचं असतं, पण आजूबाजूचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही. मग ती जागच्या जागी जाड होते आणि थंड होताना आक्रसते. परिणामी, सकाळी सुरेख दिसणारा तुकडा दुपारी लाटांसारखा वेडावाकडा होतो, आणि दाबला तर डालड्याच्या डब्यासारखा टक-टक वाजतो.

उपाय? आधी ठिकठिकाणी टिपके, एक इथे, पुढचा लांब तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. आणि मग आक्रसलेली रेघ पुन्हा ताणायची. मागून डॉली नावाचा छोटा ऐरणीसारखा ठोकळा धरायचा, पुढून हातोडी, मधे पत्रा. म्हणजे जोडाला दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. म्हणून जाणता कारागीर जोड कुठे येणार ते कापायच्या आधीच ठरवतो. ‘आधी डिझाइन, मग कोड’ हे ज्ञान आपल्याला दर दोन वर्षांनी नव्यानं होतं ते वेगळं. :-)

हे वेल्डिंगही काही फार जुनं नाही. ऑक्सि-ॲसिटिलीनची मशाल फ्रान्समध्ये १९०३च्या सुमाराला आली, आणि ज्याला आज टिग म्हणतात ते तंत्र १९४१ साली अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथनं मॅग्नेशियम जोडण्यासाठी विकसित केलं. म्हणजे आज ज्या टिगनं १९३०ची गाडी दुरुस्त करतात, ते त्या गाडीहून तरुण आहे.

यात चोरवाट नाही का? आहे ना! पूर्वी खड्ड्यांत शिसं आणि कथलाचा मिश्रधातू भरत. ते काम कौशल्याचंच होतं, पण शिशाची धूळ फुप्फुसात जायची. १९५०च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टरची पुट्टी आली आणि सगळंच सोपं झालं. खड्डा भरा, घासा, रंग मारा. पातळ थर म्हणून पुट्टी वाईट नाही. पण गंजक्या भोकावर जाळी लावून वर बोटभर पुट्टी थापली, तर तो पत्रा नव्हे, गिलावा झाला. पुट्टी ओलावा शोषते, खाली गंज निवांत चालू राहतो आणि एक दिवस सगळं खपलीसारखं निघून येतं.

आपल्या मुंबईला हे सांगायला नकोच. फियाट ११०० ‘डिलाइट’ म्हणून १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आली, मग प्रेसिडेंट झाली, १९७४ साली पद्मिनी झाली आणि चेहरा फारसा न बदलता शतक संपेपर्यंत निघत राहिली. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस आणि दिवसरात्र टॅक्सीचा धंदा. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालल्या त्या गल्लीतल्या डेंटरांच्या जिवावर. त्यात रफू थोडं, ठिगळं जास्त, हे खरं. पण पोटासाठी चालणारी गाडी रफूसाठी महिनाभर उभी कोण ठेवणार? वयाची वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची गेली.

दुरुस्तीवाला म्हणजे दुय्यम, असा आपला एक समज असतो. त्याला उत्तर म्हणून एकच नाव घेतो: सर्जो स्कालिएत्ती. १९२० साली इटलीत मोदेनाजवळ जन्म. वडील गेल्यावर तेराव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला. एन्झो फेरारीच्या रेसिंग गाड्यांचे चेपलेले मडगार्ड त्याच्याकडे दुरुस्तीला यायला लागले. दुरुस्ती इतकी चोख की पुढे फेरारीनं त्याला अख्ख्या बॉड्याच करायला दिल्या. वाळूच्या पिशव्या, हातोड्या आणि नजर यांच्या भरवशावर ॲल्युमिनियमला आकार देत त्याच्या कारखान्यात २५० जीटीओसारख्या गाड्या घडल्या. जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांमध्ये आज तिची गणना होते. स्कालिएत्ती २०११ साली गेला. ठिगळं लावता लावता माणूस कुठवर जाऊ शकतो, त्याचं हे टोक.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. इतकं बदलल्यावर गाडी ‘तीच’ राहते का?

हा प्रश्न १९९० साली लंडनच्या कोर्टात अक्षरशः खटला म्हणून उभा राहिला. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं ल मांची शर्यत जिंकली. १९३२ साली ब्रुकलंड्सला तिला भीषण अपघात झाला, चालक ठार झाला. या सगळ्या काळात तिची पुनर्बांधणी झाली, इंजिन बदललं, बॉडी बदलली. पुढे मालकानं ती एक कोटी पौंडांना विकायचा करार केला आणि खरेदीदार मागे फिरला. त्याचं म्हणणं, ‘१९३० सालचं यात उरलंय काय? ही ती गाडीच नाही.’ न्यायाधीशांनी निकाल मालकाच्या बाजूनं दिला. ही गाडी कधी नाहीशी झाली नव्हती, कोणी तिची नक्कल करून तिच्या जागी बसवली नव्हती. ती सलग बदलत आली होती, आणि तो सलग इतिहास हीच तिची ओळख.

मला हा निकाल पटतो, पण पूर्ण पचत नाही. कारण दुसऱ्या टोकाला एक बुगाटी आहे. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी कित्येक दशकं पडलेली ही ब्रेशिया गाडी २००९ साली वर काढली. गंजून अर्धी गेलेली. २०१० साली ती लिलावात दोन लाख साठ हजार युरोंच्या आसपास विकली गेली, आणि घेणाऱ्या पीटर मलिननं ती दुरुस्त न करता तशीच आपल्या संग्रहालयात ठेवली. तिथे ठिगळ लावणं म्हणजे पुरावा पुसणं झालं असतं.

या दोन टोकांच्या मधे काही नियम असावेत, म्हणून जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फिवानं, तुरीनची सनद स्वीकारली. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली होती, तिच्याच वाटेनं. सार असं: आधी जतन, मग गरज असेल तेवढीच दुरुस्ती, आणि जे नवं घालाल त्याची ओळखता येईल अशी खूण आणि नोंद ठेवा. भारतातही २०२१ साली केंद्राच्या नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला बंदी.

म्हणजे गंमत बघा. आपल्या कायद्याला हवं असलेलं ‘मूळ स्वरूप’ पन्नास पावसाळ्यांनंतर टिकवायचं कसं? बहुतेक गाड्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर पत्रा ठोकणारा हातच आहे. त्याच्याशिवाय उरतात दोनच पर्याय, पुट्टी नाहीतर भंगार. आणि तो हात पुस्तक वाचून तयार होत नाही, कोणाच्या तरी शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून होतो. आजच्या गाड्यांचे प्लॅस्टिकचे बंपर तुटले की बदलतात. दाराला पोचा आला की दारच बदलायचा सल्ला मिळतो. पोरांनी शिकायचं कशावर?

म्हणून, कोणाच्या घरी आजोबांची फियाट ताडपत्रीखाली उभी असेल तर दोन-तीन गोष्टी करा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे खाली पुट्टी आहे. डेंटरला सांगा, पुट्टी लावायच्या आधी उघडा पत्रा बघायला येणार आहे. त्याचे पैसे कामाच्या दिवसांवर ठरवा, म्हणजे त्याला घाई करायचं कारण उरणार नाही. कापलेले तुकडे फेकू नका. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, आणि नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, जिथे बाहेरून दिसणार नाही, तारीख आणि करणाऱ्याचं नाव कोरून घ्या.

आपण कमिट मेसेज लिहितो ना, तसंच. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते दार उघडेल आणि त्याला कळेल की इथून इथपर्यंतचा पत्रा कारखान्याचा आणि इथून पुढचा अमुक माणसाच्या हातचा.

असो. चुंबक फिरवून काय निघालं ते जरूर कळवा.